मैदान कुणाचं, उपकार कुणाचे? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी दक्षिण-पश्चिम लंडनमधल्या एएफसी विम्बल्डन या फुटबॉल क्लबबद्दल (मूळ विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात न्यायचं ठरल्यावर 2002 मध्ये चाहत्यांनी नव्याने काढलेला हा क्लब), त्याच्या चाहत्यांनी 2020 च्या टाळेबंदीत वाटलेल्या धान्याच्या खोक्यांबद्दल आणि प्लाउ लेनवर झालेल्या नव्या स्टेडियमबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. कौतुकाची होती, पण चिडलेलीही होती. चिडलेल्यांपासूनच सुरुवात करते, कारण त्यांचे प्रश्न जास्त नेमके आहेत.

त्याआधी एक सांगायला हवं. मी लंडनच्या एका बरोच्या, म्हणजे शहरातल्या एका पालिकेच्या, नियोजन विभागात अठरा वर्षं नोकरी केली. बांधकामाच्या अर्जांवर लोकांच्या हरकती यायच्या, त्या वाचून त्यांचा गोषवारा काढणं हे माझं काम. आणि प्लाउ लेनच्या स्टेडियममध्ये माझी वर्षभराची ठरलेली खुर्ची आहे. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून माझी उत्तरं वाचा.

प्रश्न : ताई, आम्ही इंग्लंडमधल्या एका लहान शहरात राहतो. इथल्या क्लबला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेवर स्टेडियम बांधायचं आहे. अर्ज दाखल झाल्यापासून क्लबची माणसं शाळेत येऊन मुलांना फुकट फुटबॉल शिकवतात, डिसेंबरमध्ये गरजू घरांत खोकी वाटली. माझा मुलगा हरखून गेला आहे. आता आम्ही विरोध केला तर कृतघ्न ठरतो का? आणि खरं सांगायचं तर, ही लाचच नाही का?

कृतघ्न मुळीच ठरत नाही. हरकत बिनधास्त लिहा आणि मुलाला फुटबॉललाही पाठवा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. आणि हे नुसतं माझं मत नाही, कायदाही तेच सांगतो.

ग्लॉस्टरशरमध्ये एका कंपनीला पवनचक्की उभारायची होती. उत्पन्नातला 4 टक्के वाटा दरवर्षी गावाच्या कामांसाठी देऊ, असं तिने अर्जातच म्हटलं. कौन्सिलने ते जमेस धरून परवानगी दिली. गावातला एक माणूस कोर्टात गेला आणि प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने परवानगी रद्दच ठरवली. त्या पैशाचा जमिनीच्या वापराशी काही संबंध नाही, आणि बांधकाम परवानगी विकत घेता येत नाही, तशी ती विकताही येत नाही. मी तेव्हा नोकरीतून बाहेर पडले होते, पण निकाल वाचून मला फार बरं वाटलं. वर्षानुवर्षं आम्ही खालच्या पायरीवरची माणसं हेच सांगत होतो.

म्हणजे तुमच्या क्लबने वाटलेली खोकी नियोजन समितीच्या तराजूत टाकताच येत नाहीत. कुणी नगरसेवक सभेत उठून 'क्लब गरिबांसाठी एवढं करतो, आपण एवढंही करायचं नाही का?' म्हणाला, तर ते वाक्य इतिवृत्तात येईल असं बघा.

आता लाचेबद्दल. इथे मात्र मी तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. 2020 च्या वसंतात मी मर्टनमधल्या (विम्बल्डन ज्या बरोत येतं, त्या) एका सुपरमार्केटच्या दाराशी टेबल लावून उभी राहत होते. डॉन्स लोकल ॲक्शन ग्रुप असं त्या गटाचं नाव, डॉन्स हे क्लबचं टोपणनाव. मार्चमध्ये विम्बल्डनच्या चाहत्यांनी तो सुरू केला होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आम्ही एक चिठ्ठी द्यायचो : आज टोमॅटोचे डबे हवेत, लहान मुलांचे लंगोट हवेत, बराच काळ टिकणारं दूध हवं. बाहेर पडताना लोक त्यातलं एखादं काहीतरी टेबलावर ठेवून जायचे. चेल्सी या दुसऱ्या क्लबचा निळा शर्ट घातलेला एक पोरगा रोज एक बिस्किटाचा पुडा ठेवायचा, आणि आमच्या क्लबचं नाव वाचून दर वेळी तोंड वाकडं करायचा.

एकदा कॉलियर्स वुडमधल्या एका घरी खोकं पोचवलं. बेल वाजवायची, दोन मीटर मागे सरायचं, असा नियम होता. दार उघडलं एका तमिळ आजीने. खोकं तिथेच उंबऱ्यात उघडून बघितलं, पास्त्याची दोन पाकिटं वर उचलून धरली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला शब्द कळले नाहीत, पण 'याचं मी करू काय?' हे त्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढच्या आठवड्यात मी तिच्या खोक्यावर खुणेची पट्टी लावली आणि आत तांदूळ, मसुरीची डाळ, चिंच भरली. तिने चिंचेचं पाकीट नाकाशी नेलं आणि हसली. ती बाई कधी स्टेडियमच्या बाजूने किंवा विरुद्ध काही लिहिणार नव्हती. लाच द्यायला समोरच्याकडे देण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

तेव्हा मन तेवढं कडू करू नका. शाळेत शिकवायला येणारी मुलं बहुतेक मनापासूनच येत असतात. प्रश्न त्यांचा नाही, त्यांच्या कामाचा फोटो अर्जाला कोण जोडतं, याचा आहे.

आणखी एक गोष्ट तपासा, ती फार कमी लोक तपासतात. इंग्लंडमधल्या व्यावसायिक क्लबांचं सामाजिक काम बहुतेक ठिकाणी क्लब स्वतः करत नाही. त्यासाठी वेगळी नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते. ही चाल 1986 मध्ये खेळाडूंच्या संघटनेच्या पुढाकाराने उत्तर-पश्चिमेतल्या सहा क्लबांपासून सुरू झाली. या संस्थांचा पैसा लीगच्या निधीतून, सरकारी आणि इतर अनुदानांतून, कौन्सिलच्या कंत्राटांतून येतो. क्लबच्या मालकाच्या खिशातून किती येतो, ते हिशेबात दिसतं, आणि ते हिशेब चॅरिटी कमिशनच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. तुमच्या क्लबच्या संस्थेचे मागच्या पाच वर्षांचे काढून बघा. अर्ज दाखल व्हायच्या आधीही काम चालू होतं का? असेल तर तुमचा संशय कमी होईल. नसेल तर तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालं.

प्रश्न : तुम्ही प्लाउ लेनचं एवढं गोड वर्णन केलं, पण तिथे आधी ग्रेहाउंड शर्यतींचं स्टेडियम होतं, ते पाडूनच हे उभं राहिलं ना? त्या लोकांचं मैदान गेलं त्याचं काय?

हे पत्र मी चार वेळा वाचलं. तुम्ही म्हणता ते खरं आहे. मागच्या लेखात मी ते एका ओळीत गुंडाळलं, ती माझी चूक.

विम्बल्डनच्या त्या स्टेडियममध्ये 1928 पासून कुत्र्यांच्या शर्यती होत होत्या. 1985 पासून इंग्लिश ग्रेहाउंड डर्बी ही सर्वांत मानाची शर्यत तिथेच व्हायची. लंडनमधली अशी स्टेडियमं एकामागून एक बंद पडत गेली, कॅटफर्ड 2003 मध्ये, वॉल्थमस्टो 2008 मध्ये. त्यामुळे विम्बल्डनला येणाऱ्यांना तो शेवटचा आसरा वाटायचा. जागेच्या मालकांना शर्यती चालवण्यात रस उरला नव्हता. त्यांना घरं बांधायची होती, क्लबला स्टेडियम हवं होतं, आणि दोघांनी मिळून अर्ज केला : फुटबॉलचं स्टेडियम आणि त्याच्या भोवती सहाशेच्या आसपास फ्लॅट. डिसेंबर 2015 मध्ये मर्टन कौन्सिलच्या समितीने एकमताने मंजुरी दिली. शेजारच्या वाँड्सवर्थ कौन्सिलचा मात्र विरोध होता. मार्च 2016 मध्ये तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी अर्ज स्वतःकडे ओढून घेतला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवे महापौर सादिक खान यांनी निर्णय पुन्हा मर्टनकडे सोपवला. हे सगळं पार पडेपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता, आणि शर्यतवाल्यांचाही.

25 मार्च 2017, शनिवार. शेवटची शर्यत. मी गेले होते. मला शर्यतींचं प्रेम नाही, कुत्र्यांच्या हालांबद्दल जे आक्षेप घेतले जातात ते मला पटतातही. पण जिथे आपला क्लब जाणार, तिथून कोण निघतंय हे बघितल्याशिवाय आत पाऊल टाकू नये असं वाटलं. माझ्या शेजारी एक म्हातारा गृहस्थ उभे होते. शर्यत संपली, यांत्रिक ससा वळणावर थांबला, कुत्र्यांना अंगरखे चढवून नेलं. त्यांनी हातातली पैजेची चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली. 'जिंकलात का?' मी विचारलं. म्हणाले, 'नाही, पण ही आता टाकायची नाही.' मग माझ्या गळ्यातला पिवळा-निळा मफलर त्यांना दिसला. काही बोलले नाहीत. मला तो काढून पिशवीत ठेवावासा वाटला आणि ठेवलाही.

तुम्ही विचाराल, मग स्टेडियम होऊ द्यायला नको होतं का? मला वाटतं, व्हायला हवं होतं. शर्यती बंद करायच्या हे जागेच्या मालकाने ठरवलं होतं, क्लब आला नसता तर तिथे निव्वळ फ्लॅट आले असते. 1991 साली मूळ क्लब मर्टनबाहेर गेला तेव्हापासून या बरोत त्याला घर नव्हतं. पण आपला न्याय दुसऱ्याच्या नुकसानीवर उभा असेल तर तसं म्हणावं, झाकू नये.

प्रश्न : क्लबनेच मैदान विकलं किंवा सोडलं तर साध्या माणसाच्या हातात काय उरतं?

कागद. आणि कागद नसेल तर मतपेटी.

कागदाची गोष्ट आधी. जुनं प्लाउ लेन, म्हणजे 1912 पासून मूळ विम्बल्डन क्लब जिथे खेळला ते, आजच्या स्टेडियमपासून चालत पाच मिनिटांवर. 1959 मध्ये क्लबच्या अध्यक्षांनी ती जागा कौन्सिलकडून विकत घेतली, तेव्हा करारात एक कलम होतं : जागा खेळासाठी आणि करमणुकीसाठीच वापरायची. म्हणजे कुणीतरी शहाण्या माणसाने तीस वर्षं पुढचं ओळखलं होतं. पुढे कौन्सिलने पैसे घेऊन ते कलम सोडून दिलं. 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी होऊन प्रेक्षक दगावले, त्यानंतर आलेल्या टेलर अहवालामुळे वरच्या लीगमधल्या मैदानांवर सगळ्यांना बसायला जागा असणं बंधनकारक झालं, ते कारण पुढे करून क्लब 1991 मध्ये क्रिस्टल पॅलेस या दुसऱ्या क्लबच्या सेलहर्स्ट पार्क मैदानावर भाडेकरू म्हणून गेला, आणि 1998 मध्ये जागा सेफवे या सुपरमार्केटला विकली गेली. सुपरमार्केटही झालं नाही. आज तिथे फ्लॅट आहेत. इमारतींना बॅसेट, बॅट्सफर्ड, लॉरी सँचेझ अशा जुन्या खेळाडूंची आणि व्यवस्थापकांची नावं आहेत. ज्या सँचेझच्या गोलने 1988 मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला, त्याचं नाव आता टपालपेट्यांवर. मी त्या दारावरून जाते तेव्हा दर वेळी त्या कलमाचा विचार मनात येतो. ते सोडून देणाऱ्या टिपणीवर माझ्यासारख्याच कुणातरी कारकुनाची आद्याक्षरं असतील.

आता मतपेटी. चार्ल्टन ॲथलेटिक हा दक्षिण-पूर्व लंडनमधला क्लब. सप्टेंबर 1985 मध्ये प्रेक्षक सामन्याला आले तर त्यांच्या हातात एक पत्रक ठेवलं गेलं, की आपण 'द व्हॅली' हे मैदान सोडतोय. 1919 पासूनचं मैदान, 1938 मध्ये एकदा 75,031 प्रेक्षक मावलेलं. पुढची काही वर्षं ते ओस पडलं, पायऱ्यांवर झुडपं माजली. 1989 मध्ये परत येण्याचं ठरल्यावर चाहत्यांनी स्वतः विळे-फावडी घेऊन ती काढली आणि ढीग लावून जाळली. तरी जानेवारी 1990 मध्ये तिथल्या ग्रिनिच कौन्सिलने स्टेडियमचा आराखडा फेटाळला. मग चाहत्यांनी 'व्हॅली पार्टी' काढली आणि मे 1990 च्या कौन्सिल निवडणुकीत साठ उमेदवार उभे केले. एकही निवडून आला नाही, पण 14,838 मतं पडली आणि नियोजन समितीचे अध्यक्ष स्वतःच्या वॉर्डात हरले. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली. 5 डिसेंबर 1992 ला चार्ल्टन घरी परतला, पोर्ट्समथला 1-0 हरवून. त्याच वर्षी क्लबचं सामाजिक काम सुरू झालं, आणि आज त्याची संस्था देशातल्या मोठ्या अशा संस्थांमध्ये गणली जाते. ग्रिनिच कौन्सिलच्या युवक सेवाही ती चालवत आली आहे. ज्या कौन्सिलशी भांडले, तिचंच काम आज करतात.

पण चार्ल्टनची गोष्ट तिथेच संपत नाही. 2020 मध्ये क्लब विकला गेला तेव्हा मैदान त्यासोबत गेलं नाही, ते आधीच्या मालकाकडेच राहिलं. एवढं लढून मिळवलेली जागा आणि संघ दोन वेगळ्या खात्यांत. म्हणून मी कुणालाही पहिलं हेच विचारते : सातबारा कुणाच्या नावावर आहे? (इथे सातबारा नाही, लँड रजिस्ट्री आहे, पण तुम्हाला कळलं.)

2011 च्या कायद्याने आणखी एक साधन दिलं आहे. स्थानिक गट एखाद्या मैदानाची 'समाजाच्या मोलाची मालमत्ता' म्हणून कौन्सिलकडे नोंद करून घेऊ शकतो. नोंद पाच वर्षं टिकते. मालकाने विकायला काढलं आणि गटाने मुदतीत इच्छा कळवली, तर सहा महिने विक्री थांबते. गटालाच विकलं पाहिजे असं मात्र बंधन नाही. मिळतो तो फक्त वेळ. तरीही करून ठेवा, कारण आयत्या वेळी तोच नसतो.

प्रश्न : मिल्टन कीन्सवरचा राग अजून आहे का?

आहे. 28 मे 2002 ला तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मताने मूळ क्लब नव्वदेक किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला न्यायची मुभा दिली. दोन दिवसांत चाहत्यांनी नवा क्लब काढला आणि जूनच्या शेवटी विम्बल्डन कॉमनवर, झाडांखाली, खेळाडूंची निवड चाचणी घेतली. देशातल्या फुटबॉल स्पर्धांच्या उतरंडीत वरून नवव्या पायरीपासून सुरुवात करून 2011 मध्ये तो क्लब फुटबॉल लीगमध्ये पोचला. तिथल्या साध्या प्रेक्षकांवर माझा राग नाही, त्यांना त्यांच्या गावात संघ मिळाला. निर्णयावर आहे.

प्रश्न : स्टेडियम मिळाल्यावर सामाजिक काम आटलं असेल, नाही का? आणि त्या भागात पूर येतो असं वाचलं, मग हरकत घेणारे बरोबरच होते ना?

काम आटलेलं नाही. खोक्यांचा गट पुढे घरसामान आणि मुलांसाठी दुरुस्त केलेले लॅपटॉप देऊ लागला. नव्या स्टेडियममध्ये आमचं पहिलं पाऊलही रीतसर पडलं नाही. 3 नोव्हेंबर 2020 ला डॉनकास्टरविरुद्ध पहिला सामना झाला, 2-2, आणि कोविडमुळे आत एकही प्रेक्षक नाही. चाहत्यांनी रोख्यांतून पन्नास लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली होती, त्यातला माझाही लहानसा तुकडा होता, आणि मी बाहेर फुटपाथवर उभी राहून आतल्या खेळाडूंच्या हाका ऐकत होते. चेंडू कुठे आहे हे कळत नव्हतं, पण बुटाचा आवाज येत होता.

पुराबद्दल तुमचं बरोबर आहे. वांडल नदी बाजूने वाहते. सप्टेंबर 2024 मध्ये मुसळधार पाऊस झाला, नदीचं पाणी आत शिरलं आणि मैदानाच्या एका कोपऱ्यात जमीन खचली, हिरवळ चादरीसारखी आत ओढली गेली. न्यूकॅसलविरुद्धचा कप सामना त्यांच्या गावी हलवावा लागला. न्यूकॅसल क्लबनेही दुरुस्तीसाठी 15,000 पौंड दिले. पुराची भीती घालणारी हरकतपत्रं मी नोकरीत शेकड्यांनी वाचली आहेत, आणि कबूल करते, कधीकधी त्यांचा गोषवारा एका शब्दात आटपला : 'पूर'. मैदानातल्या त्या खड्ड्याचा फोटो बघितल्यापासून तो शब्द मला छळतो.

प्रश्न : हरकतपत्र लिहायचं कसं? आम्हाला वकील परवडत नाही.

वकील लागत नाही. रहदारी, आवाज, दिव्यांचा प्रकाश, पुराचं पाणी, सामन्याच्या दिवशी तुमच्या गल्लीत लागणाऱ्या गाड्या, हे सगळं मोजलं जातं. घराची किंमत पडेल, मागच्या खिडकीतून दिसणारा देखावा जाईल, हे मोजलं जात नाही, त्यावर शाई घालवू नका. 'आम्हा सर्वांचा विरोध आहे' असं छापील पत्र पन्नास जणांनी पाठवण्यापेक्षा पाच जणांनी आपापल्या दाराशी काय होईल ते लिहावं. 'शनिवारी तीन वाजता माझ्या आईची रुग्णवाहिका या कोपऱ्यावरून वळू शकेल का?' असं एक वाक्य मी 2009 मध्ये वाचलं होतं. ते जसंच्या तसं अहवालात घातलं आणि त्या एका वाक्यामुळे रस्त्याची आखणी बदलली.

क्लब ज्या सोयी देऊ म्हणतोय, म्हणजे शाळांसाठी मैदानाचे तास, स्थानिकांसाठी सभागृह, त्या 'कलम 106' च्या करारात, म्हणजे परवानगीसोबत कौन्सिलशी होणाऱ्या कायदेशीर करारात, तास आणि वर्षांसकट लिहून मागा. तोंडी किंवा रंगीत पुस्तिकेत दिलेलं धरू नका. आणि आधी सांगितलं तसं, ज्याचा बांधकामाशी संबंध आहे तेवढंच त्यात बसतं, खोकी नाहीत.

हरकतीची मुदत साधारण एकवीस दिवसांची असते, तारीख खांबावर लावलेल्या सूचनेवर किंवा कौन्सिलच्या संकेतस्थळावर बघा. पत्र पाठवल्यावर पोच मिळाली नाही तर फोन करा. हरवतात. मी त्या टेबलावर बसलेली आहे.